इस्तख्रहून चौलला : प्रस्तावना

हिजरी 303 साली, म्हणजे इसवी सन 915-16 मध्ये, बगदादचा अल-मसूदी हा फिरस्ता इराणातल्या इस्तख्र या गावी एका जुन्या खानदानी घरात गेला होता. घरच्यांनी त्याच्यापुढे एक जाडजूड ग्रंथ उघडला. त्यात सासानी घराण्याच्या सत्तावीस राज्यकर्त्यांची चित्रं होती, पंचवीस पुरुष आणि दोन स्त्रिया. राजा मेला त्या दिवशी जसा दिसत होता तसा रंगवायचा, म्हातारा तर म्हातारा, कोवळा तर कोवळा, अशी त्या चित्रांची रीत. मसूदीने ते पाहिलं, टिपून ठेवलं आणि तो वाटेला लागला. पुढल्या हिजरी साली, 304 मध्ये, हाच माणूस आमच्या चौलच्या बाजारात हिंडत होता.

चौलला तो सैमूर म्हणतो. तिथे शिलाहारांचा झंझ राजा गादीवर होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन राहिलेले मुसलमान व्यापारी आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलंबाळं मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं होती, असं तो लिहितो. आकडा थोडा फुगला असेल. बंदरावरच्या गर्दीत नवख्याला माणसं जरा जास्तच दिसतात.

हे पुस्तक इस्तख्रचं आहे, चौलचं नाही. पण इस्तख्रकडे जाताना मला चौलचाच रस्ता सापडला, कारण मी तळ्याचा. तळगडावर चढून पश्चिमेला तोंड करून बसलं की खाली मांदाडची खाडी दिसते. खाडी राजपुरीला समुद्राला मिळते, आणि तो समुद्र पलीकडे फार्सच्या किनाऱ्याला लागतो. शाळेत असताना नकाशात हे कुणी दाखवलं नव्हतं. इराण म्हटलं की खैबर खिंड, दिल्ली, मोगल असा खुष्कीचाच फेरा घालून आम्हाला तिकडे नेत. कोकणातल्या माणसाने खिंडीतून का जायचं?

इस्तख्र आज एक मोकळं माळरान आहे. पर्सिपोलिस, ज्याला इराणी लोक तख्ते जमशीद म्हणतात, त्याच्या उत्तरेला अगदी जवळ, पुलवार नदीच्या काठी मातीचे उंचवटे आणि थोडे खांब. पर्सिपोलिस बघायला जगभरातून माणसं येतात. इस्तख्रकडे फारसं कुणी वळत नाही. 1930 च्या दशकात हर्ट्झफेल्ड आणि त्यांच्यानंतर श्मिट यांनी शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटतर्फे पर्सिपोलिसबरोबर इथेही थोडं खणलं. पण अलेक्झांडरने जाळलेल्या पर्सिपोलिसनंतर त्या पठारावरचं जितंजागतं शहर हेच होतं, हजारभर वर्षं. इथल्या अनाहिता देवीच्या अग्निमंदिराची व्यवस्था सासान नावाच्या माणसाकडे होती, असं अरबी इतिहासकार तबरी सांगतो. त्याच्याच वंशातल्या अर्दशीरने 224 मध्ये पार्थियन सम्राटाला हरवलं आणि चारशे वर्षं टिकलेलं साम्राज्य उभं केलं. राजधानी पुढे तैग्रिसच्या काठी टेसिफॉनला गेली. पण 632 मध्ये घराण्यात एकमेकांचे गळे कापून झाल्यावर उरलेल्या एका पोराला, यज्दगर्द तिसऱ्याला, राज्याभिषेक करायची वेळ आली तेव्हा तो इस्तख्रलाच झाला. आपल्या पुराण्या देवघरात येऊन नव्याने दिवा लावावा, तसं काहीसं.

इथे थोडं थांबतो, कारण या राज्याभिषेकाचा एक धागा थेट मुंबईत येतो. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत पहलवी लिपीतले काही लेख आहेत. पारशी मंडळी तिथे लेणी बघायला आली आणि आपापली नावं कोरून गेली, 1009 मध्ये आणि पुन्हा 1021 मध्ये. सहलीला गेल्यावर भिंतीवर नाव कोरायची खोड नवी नाही, हे त्यावरून कळतं. पण महत्त्वाचं निराळंच. त्या लेखांतली सालं यज्दगर्दच्या शकात आहेत. म्हणजे इस्तख्रला ज्या पोराच्या डोक्यावर मुकुट ठेवला, त्या वर्षापासूनची गणती. तो मेला, शहर गेलं, साम्राज्य गेलं, आणि पावणेचारशे वर्षांनी साष्टीच्या डोंगरात कुणीतरी छिन्नीने तेच वर्ष मोजत होतं. पारशी पंचांगात ती मोजणी अजून चालू आहे.

आता मूळ विषय: हे शहर जिंकलं गेलं म्हणजे काय झालं?

सरळ उत्तर द्यायचं तर ते एकदा नाही, निदान दोनदा पडलं. आणि पहिल्या झटापटीत तर पडलंच नाही. 638 च्या पुढेमागे बहरैनचा सुभेदार अल-अला हा खलिफा उमरची परवानगी न घेता समुद्र ओलांडून फार्समध्ये घुसला आणि इस्तख्रच्या रोखाने निघाला. परतीच्या होड्या गमावून बसला, अडकला आणि बसऱ्याहून फौज पाठवून त्याला सोडवावं लागलं. उमरला समुद्र मुळात आवडत नसे. त्याने अल-अलाला हाकलून दिलं.

याच बहरैन-ओमानच्या सुभ्यावर उस्मान बिन अबिल-आस हा सकीफ जमातीचा सरदार होता. त्याचं नाव आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत एकाच ओळीत येतं: याने 636 च्या सुमारास ठाण्यावर आरमारी स्वारी पाठवली. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर अरबांची म्हणून नोंदलेली ही पहिली स्वारी, बलाधुरीने सांगितलेली. स्वारी परत आल्यावर उस्मानने खलिफाला कळवलं, तर शाबासकीऐवजी कानउघाडणी झाली: लाकडावर किडा बसवून पाण्यात सोडावा तसं तू माणसांना सोडलंस, ती बुडाली असती तर तेवढीच तुझ्या जमातीतून मागून घेतली असती, अशा अर्थाची. ही ओळ तिथेच संपते आणि आपण पुढल्या प्रकरणाकडे वळतो. पण उस्मान तिथे संपत नाही. ठाण्याकडून हात आखडला, तो समोरच्या किनाऱ्यावर गेला. तव्वज घेतलं, रीशहरच्या लढाईत फार्सचा मर्जबान, म्हणजे सासानी सुभेदार, शहरक मारला गेला आणि पुढच्या काही वर्षांत अबू मूसा अल-अशअरीबरोबर त्याने फार्सची गावं एकामागून एक तहाने घेतली, त्यांत इस्तख्रही. ज्या हाताने ठाण्याची कडी वाजवली, त्याच हाताने इस्तख्रचं दार उघडलं. मला या पुस्तकाचा नाद लागला तो या एका वाक्यापायी.

तहाने घेतलेलं इस्तख्र नंतर उठलं. तेव्हा बसऱ्याचा तरुण सुभेदार अब्दुल्ला बिन आमिर 649-50 मध्ये चालून आला, वेढा घातला, दगडफेकी यंत्रं लावली आणि शहर जबरीने घेतलं. या वेळची कत्तल मोठी होती. चाळीस हजार माणसं मारली, खानदानी घराणी आणि घोडेस्वार सरदार यांतले बहुतेक संपले, असं बलाधुरी नोंदवतो. बाराव्या शतकातला इब्ने बल्खी तर सांगतो की रक्ताचा ओहोळ वाहेपर्यंत मारीन अशी शपथ बिन आमिरने घेतली होती. रक्त काही वाहेना, तेव्हा त्यावर ऊन पाणी ओतून ते वाहवलं.

ही गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो, आणि मग दुसऱ्या ठिकाणी तशीच गोष्ट दुसऱ्या सेनापतीबद्दल वाचायला मिळते. रक्ताची नदी वाहवण्याची शपथ ही त्या वाङ्मयातली एक ठरलेली चाल आहे. म्हणून कत्तल झालीच नाही असं मी म्हणत नाही. झाली, आणि भयंकर झाली. शहराचा कणा त्यात मोडला. पण चाळीस हजार हा आकडा मी या पुस्तकात कुठेही स्वतःच्या तोंडाने उच्चारलेला नाही. ‘बलाधुरी सांगतो’ असंच म्हटलं आहे.

बलाधुरीबद्दल दोन शब्द हवेत. त्याचा ‘फुतूह अल-बुल्दान’ हा विजयांचा ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये लिहिला गेला, घटनांनंतर दोनशे वर्षांनी. त्यात प्रत्येक गावाबद्दल एक प्रश्न पुन्हापुन्हा येतो: हे सुल्हने घेतलं की अन्वतन? आपल्या भाषेत, तहाने की जबरीने? परक्या वाचकाला ही नुसती लष्करी माहिती वाटेल. कोकणातल्या माणसाला वाटू नये. तहाने आलेल्या गावाचा सारा तहात ठरलेला. तो वाढवता येत नाही. जबरीने घेतलेल्या गावाची जमीनच जिंकणाऱ्यांची. तेव्हा दोनशे वर्षांनी साऱ्याचा कज्जा उभा राहिला की प्रत्येक गावाचे म्हातारे काय सांगणार? आमच्या आज्याने तह केला होता. ज्याने पेशवाईतले वतनाचे कज्जे थोडे चाळले आहेत, त्याला हा आवाज ओळखीचा वाटतो. महजर म्हणजे गोतसभेचा लेखी निवाडा. तो घालताना गोतापुढे साक्षीदार जे सांगतो ते खोटं नसतं, पण कशासाठी सांगतो हे डोळ्यांआड करून ते वाचता येत नाही. ‘महजर’ हा शब्दसुद्धा अरबीतूनच आला. बलाधुरी म्हणजे एका अर्थी अवाढव्य महजर आहे. मी तो तसा वाचला.

तळगडाने मला दुसरीही एक गोष्ट शिकवली. हा किल्ला शिवाजी महाराजांनी घेतला. अफजलखान चालून आला त्या गडबडीत सिद्दीने त्याला वेढा घातला आणि खान मेल्याची बातमी येताच वेढा उठवला. 1665 च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले, त्या बारांत तळा होता. 1818 मध्ये कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांसाठी घेतला. इतिहासाच्या हिशोबात एवढे हात बदलले. पण गडाखालच्या गावात भात त्याच खाचरांत लावलं जात होतं, सारा त्याच कुळकर्ण्याच्या वहीत चढत होता, फक्त पावती कुणाच्या नावाने फाडायची तेवढं बदललं. इस्तख्रचंही पहिल्या पन्नास वर्षांत असंच दिसतं. तिथल्या टाकसाळीतली त्या काळची नाणी बघा: एका बाजूला सासानी राजाचा मुकुटधारी चेहरा, दुसऱ्या बाजूला अग्निकुंड, आणि कडेला बारीक अक्षरांत बिस्मिल्ला. नव्या धन्याने साचा मोडला नाही, कडेला दोन शब्द खोदले. सरकारी दफ्तरही सातव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पहलवीतच होतं. मग इराकचा सुभेदार हज्जाज याच्या काळात तिथलं दिवाण अरबीत आणलं गेलं, आणि जुने लेखनिक धास्तावले. हजार वर्षांनी रायगडावर उलट्या दिशेने तेच झालं: राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी ‘दफ्तर’ गेलं नाही, ‘दिवाण’ गेलं नाही. ‘बंदर’ राहिलं, आणि ‘शहर’ही. सासानी काळात ‘शहर’चा अर्थ राज्य असा होता. राज्य आटलं, शब्द गावापुरता उरला.

जाता जाता: अरबीत ‘प’ नाही, म्हणून पार्सचं फार्स झालं. आपल्याकडे दोन्ही उच्चार जपून ठेवलेत. माणूस पारशी, भाषा फारसी.

मग इस्तख्र मेलं कसं? तलवारीने जखमी झालं खरं, पण मेलं शेजाऱ्यामुळे. दक्षिणेला साठेक किलोमीटरवर शिराझ नावाचं ठिकाण होतं. अरबांनी तिथे छावणी टाकली, आणि सातव्या शतकाच्या शेवटी तिथे नवं शहर वसवलं. परंपरा याचं श्रेय हज्जाजच्या नातलगांना देते. त्याच नात्यातला महंमद बिन कासिम पुढे 711 मध्ये फार्समधून सिंधवर चालून आला. सुभेदार शिराझला, म्हणून कचेरी शिराझला, म्हणून व्यापारी शिराझला. इस्तख्र दीडदोनशे वर्षं हळूहळू रिकामं होत गेलं. दहाव्या शतकात भूगोलकार मुकद्दसी तिथे जुम्मा मशीद बघतो: बाजारात मधोमध, गोल खांबांवर उभी, आणि प्रत्येक खांबाच्या टोकाला बैलाचं डोकं. पूर्वी हे अग्निमंदिर होतं असं म्हणतात, तो लिहितो. अकराव्या शतकात बूयी घराण्याच्या आपसातल्या भांडणात उरलंसुरलं गाव पाडलं गेलं, तेही मुसलमान राज्यकर्त्यांकडूनच. इब्ने बल्खीच्या वेळी तिथे शंभरेक माणसांचं खेडं होतं.

हे मरण मला समजतं, कारण मांदाड माझ्या डोळ्यांपुढे आहे. टॉलेमी आणि पेरिप्लसकाराच्या यादीतलं मांदागोर बंदर ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. जवळच्या कुड्याच्या लेण्यांत महाभोज मांदव घराण्याचे लेख आहेत. वैद्याने, माळ्याने, लोखंडाच्या व्यापाऱ्याने, शिवभूती नावाच्या लेखकाने दिलेल्या दानांचे. चांगलं नांदतं बंदर असल्याखेरीज माळ्याला लेणं खोदवायला पैसा कुठून येणार? ते बंदर कुणी जाळलं नाही. खाडी गाळाने भरली, जहाजं दंडा-राजपुरीला, चौलला थांबू लागली, पुढे मुंबईला. आज मांदाडला ओहोटीच्या वेळी होडी चिखलात कलंडून पडलेली असते, आणि कुड्याच्या लेण्यांत पावसाळ्यात वरून ठिबकणाऱ्या पाण्याखाली शिवभूतीचं नाव असतं. त्याच्यावर कुणी प्रस्तावना लिहीत नाही, कारण त्यात कत्तल नाही.

पाण्यावरून आठवलं. तळगडाच्या माथ्यावर कातळात एका ओळीत कोरलेली टाकी आहेत. मे महिन्यातही त्यांतल्या काहींत हिरवट, गार पाणी असतं. ओंजळ घातली की तळाशी बेडूक सरकतो. इस्तख्रजवळच्या डोंगरी किल्ल्यावर अदुद अद-दौला या बूयी सुलतानाने दहाव्या शतकात असाच, पण फार मोठा हौद बांधला. खाली उतरायला पायऱ्या, वर खांबांवर छत. हजार माणसं वर्षभर प्याली तरी पाणी एकच पायरी खाली जाईल, असं इब्ने बल्खी लिहितो. किल्ला वाचतो तो टाक्यावर, हे दोन्हीकडे सारखंच. याच सुलतानाने 955 मध्ये पर्सिपोलिसला जाऊन एक शिलालेख कोरवला आहे. इथले जुने लेख आपल्याला कुणी वाचून दाखवले, तेही त्यात दिलं आहे: एक मुसलमान कारकून आणि काझरूनचा एक मोबेद, म्हणजे झरथुष्ट्री पुरोहित. जिंकल्याला तीनशे वर्षं झाली तरी सुलतानाला आपल्याच मुलखातलं जुनं अक्षर वाचायला मोबेद लागत होता, आणि तो हाताशी होता.

म्हणूनच एक समजूत मला या पुस्तकात खोडायची आहे. अरब आले, इस्तख्र पडलं, आणि पारशी जहाजात बसून संजाणला आले, अशी एका दमात सांगितली जाणारी गोष्ट. इस्तख्र पडलं 650 ला. संजाणला येण्याचं साल अभ्यासक 716 पासून 936 पर्यंत कुठेही धरतात. ‘किस्सा-ए-संजान’ हे काव्य तर 1599 चं. मधल्या पिढ्या फार्समध्येच राहिल्या, जिझिया भरत राहिल्या, अग्नी सांभाळत राहिल्या. दहाव्या शतकात फार्सच्या जवळपास प्रत्येक जिल्ह्यात अग्निमंदिरं आहेत असं अल-इस्तख्रीने, याच शहराचं नाव लावणाऱ्या भूगोलकाराने, लिहून ठेवलं आहे. माणसं धर्म बदलत गेली ती एका रात्रीत नाही. बाजारात, लग्नात, सरकारी नोकरीत बदलली, दोनतीनशे वर्षांत. थोडी समुद्राने निघून आली.

आणि समुद्राने आलेले सगळे पारशी नव्हते. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला 926 चा ताम्रपट घ्या. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण मंडळावर ताजिक, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या मुसलमानांतला, मधुमती नावाचा अधिकारी होता. मधुमती म्हणजे महंमद. त्याने नदीवर फुकट तरी सुरू केल्या, आल्यागेल्यासाठी सत्र घातलं, ज्यात साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे, आणि देवीच्या मठाला जमीन द्यायला संमती दिली. त्याच्या बापाचं नाव ताम्रपटात ‘सहियारहार’ असं कोरलंय. हे शहरियारचं रूप असावं असं मानतात, आणि शहरियार अस्सल इराणी नाव. चौलच्या मुसलमानांच्या मुखत्याराला ‘हुनरमान’ म्हणत, तोही शब्द फारसी. त्या जागेवरचा एक जण अब्बास बिन माहान, आणि माहानही इराणीच. त्याची हकिकत सांगणारा खलाशी-लेखक बुजुर्ग, त्याचाही बाप शहरियार. आपण ज्यांना एका शब्दात ‘अरब व्यापारी’ म्हणून मोकळे होतो, त्यांच्या बापांची नावं विचारली की अशी फार्सची नावं निघतात.

यज्दगर्दच्या बापाचं नावही शहरियारच होतं.

हे यज्दगर्द इस्तख्र पडलं तेव्हा तिथे नव्हते. एका प्रांतातून दुसऱ्यात पळत 651 मध्ये ते दूर मर्वला पोचले आणि, परंपरा सांगते, एका पिठाच्या गिरणीत लपले असताना मारले गेले. गिरणीत चितारी कुठून येणार? तरी मसूदीने चाळलेल्या ग्रंथात त्यांचं पान होतं, शेवटचं: अंगात हिरवा वेलबुट्टीचा पोशाख, आकाशी विजार, डोक्यावर तांबडा मुकुट, एका हातात भाला, आणि दुसऱ्या हाताने तलवारीवर रेललेले. त्या पानापासून पहिलं प्रकरण सुरू होतं.

तळा, जि. रायगड